घरचं माणूस दवाखान्यात, मागं घराचं काय?

घरात कोणी आजारी पडलं की सगळे दवाखान्याकडे धावतात. धावायलाच पाहिजे. पण मागं घर उरतं. त्याचा विचार आपण फारसा करीत नाही.

ताडकळसचंच एखादं घर समजा. सुनेचे दिवस भरले. तिला परभणीला नेलं. सोबत सासू गेली, नवरा गेला. घरी राहिले म्हातारा सासरा, दहा वर्षांची नात आणि दावणीची म्हैस. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी कोण बसणार? नात. पाणी कोण भरणार? तीच. शाळा बुडाली ती बुडालीच.

म्हशीचं तर आणखी वेगळं. रोजचा हात नसला की ती पान्हा चोरते. धार काढणारीचं लुगडं पांघरून बसलं की जमतं, असं जुनी माणसं सांगतात. त्यापेक्षा घरातल्या दोघांच्या हाताची सवय तिला आधीपासून लावावी, हे आम्हांला बरं वाटतं.

तिकडे खाटेवरच्या बाईला हे सगळं डोळ्यांपुढं दिसतं. ती म्हणते, "मला घरी न्या, लेकरू उपाशी असेल." घरचेही म्हणतात, "चला, आता बरी दिसते." इथंच खरा धोका आहे बरं! बाळंतपणानंतर जास्त रक्त जाण्याचं भय पहिल्या २४ तासांत फार असतं. म्हणून सरळ बाळंतपण झालं तरी निदान ४८ तास दवाखान्यात राहावं, असं डॉक्टर सांगतात. घरच्या कामापायी बाई लवकर आणली आणि रात्री रक्त सुरू झालं, तर काय करणार?

यासाठी सरकारनं २०११ साली जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला औषध, तपासणी, रक्त फुकट मिळतं. सरळ बाळंतपणाला ३ दिवस आणि पोट चिरून झालेल्याला ७ दिवस जेवणही मिळतं. घरी सोडायला गाडी मिळते. म्हणजे बाईसाठी डबा पोचवण्याची धावपळ नको. तिच्याजवळ एक माणूस पुरे. सासू थांबली तर नवऱ्यानं गावी यावं, म्हैस पाहावी, पोरीला शाळेत धाडावं.

आणि चूल? बापयानं चुलीपाशी बसलं म्हणून काय बिघडतं? भाकरी थापता येत नसेल तर भात आणि पिठलं करावं. शेजारणीकडून दोन दिवसांचे धपाटे करून घ्यावेत.

शेजारी येतात, "काही लागलं तर सांगा" म्हणतात. आपण "बरं" म्हणतो आणि सांगत काहीच नाही. असं करू नये. एकेकाला एकेक काम नाव घेऊन सांगावं. "वहिनी, संध्याकाळच्या चार भाकरी तुमच्याकडं." "मामा, तुमच्या बैलांबरोबर आमच्या म्हशीला वैरण टाका." मागं पडलेल्याच्या शेतात गावानं इर्जिक करायची रीत आपल्याकडं जुनीच आहे. घरकामाला ती का चालू नये?

दुसरा मोठा आजार असला, नांदेडला विष्णुपुरीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात जावं लागलं, तर मुक्काम लांबतो. अशा वेळी रेशन कार्ड आणि आधार कार्ड एका पिशवीत घालून ती खुंटीला टांगलेली असावी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार घ्यायचे तर हे कागद लागतात. एका कागदासाठी गावी हेलपाटा झाला की घरचं आणखी एक माणूस दिवसभर गुंतलं. तातडीची गाडी हवी असेल तर १०८ हा आकडा फिरवावा. हा आकडा भिंतीवर कोळशानं मोठा लिहून ठेवावा, म्हणजे घरातल्या लेकरालाही तो वाचता येईल.

बाई घरी आली की लगेच हंडा तिच्या डोक्यावर देऊ नये. पोट चिरलं असेल तर सहा आठवडे जड उचलायचं नाही. जुन्या बायका सव्वा महिना म्हणत, तेही जवळजवळ तेवढंच. तोवर दळण नवऱ्यानं आणावं, पाणी दोघांनी मिळून भरावं, आणि वहिनींच्या चार भाकरी आणखी आठ दिवस चालू ठेवाव्यात.