कायगाव टोका: तळं दारात

बजाजनगरातून पुणे रोडने निघालात की वाळूज, ढोरेगाव आणि मग गोदावरीचा पूल. अलीकडे कायगाव, आपल्या जिल्ह्यात. पलीकडे टोका, प्रवरासंगम. तो अहिल्यानगर जिल्हा. इथे प्रवरा गोदावरीला मिळते. मारीचाची काया पडली ते कायगाव, असं लोक सांगतात. टोक्याचं सिद्धेश्वर मंदिर पेशवेकालीन.

आता भूगोल. जायकवाडी धरण तिकडे पैठणला. पायाभरणी 1965, उद्घाटन 1976. त्याचा जलाशय, म्हणजे नाथसागर, सुमारे 55 किलोमीटर लांब. फुगवटा थेट इथवर येतो. म्हणून नदीकाठचं कायगाव तळ्याकाठचं झालं! कित्येक गावं उठली, काळ्या जमिनी पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात शेतकरी आजही गाळपेर करतात.

आणि ‘जायकवाडी’ हे नाव? ते बीड जिल्ह्यातल्या एका गावाचं. धरण आधी तिथे होणार होतं. जागा बदलली, नाव राहिलं.

हे मी का सांगतोय? वाळूज एमआयडीसीला पाणी याच नाथसागरातून येतं. आपल्या नळामागे ही उठलेली गावं आहेत.