चटईवरची लोणावळा लोकल

बचत गटाची बैठक म्हटली की हिशेबाच्या वहीबरोबर पोरंही येतात. कोणी कडेवर, कोणी पदराला धरून. हप्ते मोजून होईपर्यंत त्यांना गप्प बसवायचं म्हणजे बिस्किटाचा पुडा, नाहीतर मोबाइल. आज मी सांगणार आहे ते तिसऱ्या उपायाबद्दल. पण आधी माझी एक चूक सांगते.

दोन वर्षांपूर्वी 21 जूनला आम्ही योग दिन केला. मुलांना रांगेत उभं केलं आणि एक-दोन-तीन म्हणत हात वर, हात खाली सुरू केलं. चार वर्षांचा एक मुलगा मध्येच खाली बसला. मी म्हटलं, "सरळ उभा राहा, फोटो काढायचाय." तो रडला, आईला बिलगला. पुढे बैठकीला निघायचं म्हटलं की दारातच बसून राहायचा. त्याच्यापायी त्याच्या आईच्या बैठका बुडाल्या आणि शेळीसाठी तिला हवं असलेलं कर्ज मागे पडलं. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग मी शांतपणे विचार केला. आपल्या शेजारी लोणावळ्यात 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं. आसन-प्राणायाम करताना शरीरात काय घडतं ते तिथे प्रयोगशाळेत तपासलं गेलं. अशा भागात राहिल्यामुळे असेल, योग म्हटला की आपला चेहरा गंभीर होतो. मोठ्यांना ते ठीक आहे. पण तीन-चार वर्षांच्या मुलाला 'स्थिर राहा' हे कळतच नाही. 'बेडूक हो' हे मात्र लगेच कळतं.

आणि हे काही नवं खूळ नाही. घेरंड संहिता या जुन्या ग्रंथात म्हटलंय की जगात जितके जीव, तितकी आसनं. 84 लाखांतली 84 निवडली आणि त्यातली 32 माणसाच्या उपयोगाची ठरवली. त्या बत्तिसांत सिंह आहे, मोर, कासव, मासा, बेडूक, उंट, नाग, अगदी कोंबडासुद्धा आहे. म्हणजे खेळ नावातच होता, आपणच तो बाजूला ठेवला होता.

आमचा खेळ असा. सगळ्यांनी पाय फाकवून एकामागे एक बसायचं, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. ही झाली लोकल. वडगावहून निघाली. आधी मी छुक-छुक म्हणायचे, पण मुलांनीच सांगितलं, "ताई, लोकल छुक-छुक करत नाही." बरोबरच आहे! मग ठरलं की ओठ मिटून, नाकाने श्वास सोडत, लांब गुणगुणायचं. ही भ्रामरीच झाली. गुणगुणताना श्वास आपोआप सावकाश सुटतो आणि मूल निवतं. श्वास संपला की स्टेशन आलं.

कान्हे आलं की झाड व्हायचं. एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्याचं पाऊल पोटरीला टेकवायचं आणि समोरच्या एका वस्तूकडे बघायचं. पडलं तर पडलं, वाऱ्याने झाड पडतंच. कामशेतला भातखाचरातले बेडूक. पुस्तकातलं मंडूकासन वज्रासनात बसून करतात. मुलांचं बेडूक उकिडवं बसतं, दोन उड्या मारतं. ते तसंच असू द्या, गुडघे सरळ करायला जाऊ नका. मळवलीला कार्ल्याची लेणी. तिथल्या स्तंभावर सिंह आहेत, म्हणून सिंहासन. टाचांवर बसायचं, हात गुडघ्यांवर, डोळे मोठे, जीभ पूर्ण बाहेर आणि जोरात 'हाऽऽ'. एरवी जीभ काढली म्हणून ओरडा खाणाऱ्या मुलांना हे स्टेशन फार आवडतं.

त्या रुसलेल्या मुलाला परत आणलं ते बेडकाने. पहिल्या दिवशी तो दारातूनच बघत होता. मी बोलावलं नाही. दुसऱ्या बैठकीत त्याने दारातच उडी मारली, आणि मग आत आला. त्याच्या आईचा अर्ज त्याच महिन्यात मंजूर झाला.

आता काळजीच्या गोष्टी. जेवणानंतर निदान दोन-तीन तास जाऊ द्या. लहान मुलांना श्वास रोखायला लावू नका. कपालभाती नको, शीर्षासन तर नकोच, कारण डोकं जड आणि मान नाजूक असते. हात-पाय ओढून आसन 'नीट' करू नका, वाढत्या हाडांची टोकं अजून मऊ असतात. दमा, फिट किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आपल्याकडे पावसाळ्यात फरशीला ओल येते, चटई घसरते. जुनी सतरंजी बरी. आणि दहा मिनिटं पुरेत. मुलं कंटाळायच्या आत गाडी थांबवा.

घरी करायचं तर एक अट आहे, आईनेही डब्यात बसायचं. बाजूला उभं राहून सूचना दिल्या की त्याची शाळा होते. गुडघेदुखीवाल्या आजीला खुर्चीवर बसवा, ती गार्ड. सिंह तर तिला खुर्चीतूनही जमतो. "बाबांना वेळ नसतो," असं बऱ्याच ताया सांगतात. त्यांना फक्त झाड व्हायला सांगा. मुलं एका पायावरच्या बाबांना धरून उभी राहतात. एका घरी तर बाबाच आता "आज लोकल नाही का?" विचारतात.

शेवटचं स्टेशन लोणावळा. तिथे धुकं असतं, काही दिसत नाही, म्हणून सगळ्यांनी डोळे मिटून उताणं पडायचं. प्रत्येकाच्या पोटावर भातुकलीतली एक हलकी वाटी ठेवा. ती होडी. श्वास घेतला की वर जाते, सोडला की खाली येते. होडी बुडू द्यायची नाही, एवढंच सांगा. एखादं मूल तिथेच झोपून जातं. त्याला उठवू नका, वाटी काढून घ्या आणि अंगावर गोधडी टाका.