चौदा दिवसांचा हिशेब

पीएसएम, म्हणजे जनस्वास्थ्य, हा एमबीबीएसच्या मुलांचा हक्काने दांडी मारायचा विषय. तो शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. जी मुलं येत, त्यांना जागं ठेवायला मी पानमची हकीकत काढायचे.

फॅरो बेटं उत्तर अटलांटिकमध्ये, ताबा डेन्मार्कचा. १८४६ साली तिथली वस्ती ७,७८२. गोवर १७८१ नंतर तिकडे फिरकलाच नव्हता. मार्चअखेर कोपनहेगनहून एक सुतार बोटीने उतरला आणि थोड्याच दिवसांत त्याला गोवर निघाला. पुढच्या सहाएक महिन्यांत ६,००० हून जास्त माणसं आजारी पडली. चौकशीला सरकारने पीटर लुडविग पानम हा पंचवीस वर्षांचा, नुकताच पास झालेला डॉक्टर पाठवला. विषाणू म्हणजे काय हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पानम गावोगाव जाऊन घरोघरी तारखा विचारत बसला.

४ जूनला वेस्टमान्ना बंदरात देवमाशांच्या कळपाची शिकार झाली. ट्योर्नुविक गावातून दहाजणांची एक होडी तिथे गेली होती. १८ जूनला त्या दहाच्या दहा गड्यांच्या अंगावर पुरळ उठलं. एकही सुटला नाही! लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत तेरा-चौदा दिवस जातात, हे पानमने अशाच तारखांवरून काढलं. वल्ही मारून घट्ट झालेली ही शरीरं. कोविडच्या काळात ‘इम्युनिटी वाढवणारे’ काढे घराघरांत उकळत होते, तेव्हा मला हे दहाजण फार आठवायचे. प्रतिकारशक्ती म्हणजे अंगातली ताकद नव्हे. एका ठरावीक जंतूची शरीराने ठेवलेली ओळख, एवढाच तिचा अर्थ. नव्या विषाणूची ओळख कुणालाच नसते, म्हणून तो सुसाट सुटतो.

एक रोगी सरासरी किती जणांना लागण देतो, त्या आकड्याला ‘आर नॉट’ म्हणतात. गोवराचा १२ ते १८, वुहानच्या मूळ कोरोनाचा साधारण २ ते ३. पण समोर सगळेच कोरे असतील तरच हा आकडा खरा. तो काही विषाणूच्या कपाळावर कोरलेला नसतो. गर्दी बदलली, लोकांची प्रतिकारशक्ती बदलली की पसरण्याचा वेगही बदलतो.

फॅरोमधल्या म्हाताऱ्यांकडे पाहा. १७८१ मध्ये गोवर होऊन गेलेले ९८ जण पानमला सापडले. त्यातल्या एकालाही तो पुन्हा झाला नाही. मधली पासष्ट वर्षं गोवर बेटावर नव्हता, तरी ओळख शाबूत. त्याच वयाचे, पण तेव्हा सुटलेले, या साथीत सापडले. कोरोनाच्या बाबतीत असं भाग्य नाही. तो रूप बदलतो, रक्तातली प्रतिपिंडंही ओसरतात, म्हणून लागण पुन्हा होते. स्मृतिपेशी मात्र टिकून राहतात आणि आजार बळावण्याआधी धावून येतात.

‘मॅडम, गोवराची लस एवढी पक्की, तर दुसरा डोस कशाला?’ हा प्रश्न दर बॅचला एकजण तरी विचारायचाच. नवव्या महिन्यात काही बाळांच्या अंगात आईची प्रतिपिंडं अजून असतात; ती लशीतल्या विषाणूलाच गारद करतात आणि बाळ कोरंच राहतं. अशी बाळं सोळा ते चोवीस महिन्यांच्या डोसात सापडतात. ‘आर नॉट’ १५ धरला, तर साथ थोपवायला पंधरापैकी चौदाजण सुरक्षित हवेत. एका डोसात तेवढे होत नाहीत.