अनुकूली समक्रमण

अनुकूली समक्रमण, अर्थात ॲडॅप्टिव्ह सिंक, हे संगणकाच्या पडद्याचा रिफ्रेश दर ग्राफिक्स प्रोसेसरच्या वेगाशी क्षणोक्षणी जुळवून घेणारे तंत्र आहे. संगणकीय खेळांत चित्र मध्येच फाटल्यासारखे दिसणे आणि हालचाल अडखळणे हे दोन दोष त्यामुळे कमी होतात. लॅपटॉपमध्ये हे तंत्र चालेल की नाही, हे केवळ सेटिंगवर अवलंबून नसते. पडदा आतून कोणत्या ग्राफिक्स प्रोसेसरला जोडलेला आहे यावरही ते ठरते.

पार्श्वभूमी

अनेक यंत्रांनी एकाच ठरलेल्या तालावर चालणे ही समक्रमणाची जुनी कल्पना होय. रायगड जिल्ह्यातील खोपोली (१९१५) आणि कर्जत तालुक्यातील भिवपुरी (१९२२) येथील जलविद्युत केंद्रे आज ५० हर्ट्झच्या वीजजाळ्याचा भाग आहेत. अशा केंद्रातील जनित्र जाळ्याला जोडण्यापूर्वी त्याची वारंवारता व कला जाळ्याशी जुळवावी लागते. भारतातील दूरचित्रवाणीनेही याच आकड्याशी मेळ राखून सेकंदाला २५ चित्रांची, म्हणजे ५० अर्धचित्रांची पद्धत स्वीकारली. तेथे ताल स्थिर असतो आणि निर्माता त्याच्याशी जुळवून घेतो.

संगणकीय खेळात हे शक्य होत नाही. दृश्य साधे असेल तर फ्रेम लवकर तयार होते, गुंतागुंतीचे असेल तर उशीर लागतो. म्हणून अनुकूली समक्रमणात क्रम उलटा केला जातो: पडदा आपला स्थिर ताल सोडतो आणि फ्रेमची वाट पाहतो.

कार्यपद्धती

६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र नव्याने रेखाटतो. खेळ सेकंदाला ५० फ्रेम देत असेल, तर प्रत्येक फ्रेमला २० मिलिसेकंद लागतात. रेखाटन अर्ध्यावर असताना नवी फ्रेम आली, तर वरचा भाग जुना व खालचा नवा दिसतो. यालाच चित्र फाटणे म्हणतात. व्ही-सिंक ही जुनी पद्धत नव्या फ्रेमला पुढील आवर्तनापर्यंत थांबवून ठेवते. त्यामुळे चित्र फाटत नाही. मात्र काही फ्रेम दोनदा दिसतात किंवा वेग थेट ३० फ्रेमवर उतरतो, आणि कळ दाबल्यावर मिळणारा प्रतिसादही लांबतो.

दोन रेखाटनांच्या मध्ये पडद्याला अल्पसा विराम असतो. अनुकूली समक्रमणात पुढील फ्रेम तयार होईपर्यंत हा विराम ताणला जातो. ताणण्याला मर्यादा असल्याने प्रत्येक पडद्याची ४८ ते १४४ हर्ट्झ अशी एक कक्षा असते. वेग कक्षेखाली गेल्यास प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवता येते. उदाहरणार्थ, ४० फ्रेमसाठी पडदा ८० हर्ट्झवर चालतो. त्यासाठी कमाल दर किमान दराच्या दुपटीहून अधिक असावा लागतो. ४८ ते ६० हर्ट्झच्या कक्षेत ही सोय मिळत नाही.

इतिहास

एनव्हिडिया कंपनीने ऑक्टोबर २०१३ मध्ये जी-सिंक जाहीर केले; त्यासाठी मॉनिटरमध्ये स्वतंत्र विद्युतपट्टी लागत असे. एएमडीने जानेवारी २०१४ मध्ये फ्रीसिंकचे प्रात्यक्षिक दाखवले. मे २०१४ मध्ये व्हेसा या मानक संस्थेने डिस्प्लेपोर्ट १.२ए मानकात अनुकूली समक्रमणाचा समावेश केला. २०१५ मध्ये जी-सिंक लॅपटॉपमध्ये आले. तेथे स्वतंत्र पट्टीची गरज उरली नाही. २०१७ च्या एचडीएमआय २.१ मानकातही बदलत्या रिफ्रेश दराची तरतूद आहे.

लॅपटॉपमधील मांडणी

बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स प्रोसेसर असतात: मुख्य प्रोसेसरमधील एकात्मिक आणि दुसरा स्वतंत्र. वीज वाचावी म्हणून पडदा बहुधा एकात्मिक प्रोसेसरला जोडलेला असतो. अशा वेळी स्वतंत्र प्रोसेसरच्या नियंत्रण-पटलात जी-सिंकचा पर्याय सहसा दिसतच नाही. पडदा सक्षम असल्यास एएमडी किंवा इंटेलच्या नियंत्रण-पटलातील पर्याय वापरावा लागतो. काही लॅपटॉपमध्ये मक्स स्विच नावाची सोय असते. तिच्यामुळे पडदा थेट स्वतंत्र प्रोसेसरला जोडता येतो.

विंडोज प्रणालीत मांडणीचा सर्वसाधारण क्रम असा:

१. पडद्याला ही सोय आहे का, हे त्या मॉडेलच्या तांत्रिक तपशिलात पाहणे.
२. मक्स स्विच असल्यास स्वतंत्र प्रोसेसर निवडणे; अनेक यंत्रांत त्यानंतर संगणक पुन्हा सुरू करावा लागतो.
३. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले या मार्गाने कमाल रिफ्रेश दर निवडणे.
४. पडदा ज्या प्रोसेसरला जोडलेला आहे, त्याच्या नियंत्रण-पटलात जी-सिंक, फ्रीसिंक किंवा ॲडॅप्टिव्ह सिंक सुरू करणे.
५. फ्रेमची कमाल मर्यादा रिफ्रेश दराहून किंचित कमी ठेवणे. १४४ हर्ट्झसाठी सुमारे १४०. वेग कक्षेबाहेर गेल्यास समक्रमण थांबते.

बाह्य मॉनिटर वापरताना त्याच्या स्वतःच्या मेनूमध्येही हा पर्याय सुरू करावा लागतो.

मर्यादा

अनुकूली समक्रमणाने फ्रेमची संख्या वाढत नाही. सेकंदाला २० फ्रेम देणारा लॅपटॉप या तंत्राने वेगवान होत नाही. तेथे खेळातील चित्रदर्जा किंवा रिझोल्यूशन कमी करणे हाच उपाय असतो. यंत्र तापल्याने वेग घटणे किंवा खेळाची माहिती डिस्कवरून उशिरा येणे, यांमुळे होणारी अडखळही त्याने जात नाही. वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालू लागला की प्रोसेसरचा वेग उतरतो आणि काही मॉडेलांत रिफ्रेश दरही आपोआप कमी होतो. त्यामुळे मांडणीची चाचणी चार्जर जोडून घेतली जाते. काही पडद्यांवर, विशेषतः गडद दृश्यांत, दर बदलताना उजेड लुकलुकतो. अशा वेळी समक्रमण बंद ठेवणे सोयीचे ठरते.