‘काहीही द्या, चालतं’ हे चालत नाही

धरणांचे दरवाजे उघडल्याच्या बातम्या सुरू झाल्या की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक निरोप हमखास येतो. पूरग्रस्तांसाठी जुने कपडे, चादरी, भांडी, जे असेल ते रविवारी सकाळी गेटवर आणून द्या, टेम्पो निघणार आहे. खाली हात जोडलेली चित्रं. कुणी विचारलंच की नेमकं काय हवंय, तर उत्तर ठरलेलं असतं : ‘अहो, त्यांचं सगळं वाहून गेलंय. जे मिळेल ते त्यांना हवंच आहे. काही नसण्यापेक्षा काहीतरी बरं.’

हे वाक्य मी शिकलेल्या, सज्जन, मनापासून हळहळणाऱ्या माणसांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते ऐकवत नाही. ते चूक आहे, आणि त्याची किंमत पुरात सापडलेली माणसं मोजतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी आहे ४५ फूट. पाणी उतरू लागल्यावर मी शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेत आलेली मदत निवडायला बसले होते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाचा हा तालुका. वर्गातले बाक बाहेर काढून तीन खोल्या भरून गाठोडी रचली होती. आम्ही सात-आठ जण सकाळपासून ती सोडत होतो. काय निघालं? काखेत विरलेले सदरे. चेन तुटलेल्या जीन्स. एका पायाचा बूट. लग्नातला जरीचा कोट. वापरलेल्या, इलॅस्टिक गेलेल्या चड्ड्या. लहान मुलांचे वाढदिवसाचे झालरीचे फ्रॉक, ज्यांच्या आतलं अस्तर फाटलेलं. न धुतलेल्या उशा. एका पिशवीत तर पायपुसणी होती. साड्या पुष्कळ होत्या, पण बहुतेक पातळ, झिरझिरीत, आणि त्यांच्याबरोबर ना पोलकं ना परकर.

दुपारी एक म्हातारी दाराशी येऊन उभी राहिली. नऊवारी नेसणारी बाई. तिनं ढिगाकडं पाहिलंही नाही. हळूच विचारलं, ‘परकर हाय काय गं त्यात? नातीसाठी. तीन दिस झालं, ओल्यावरच हाय पोरगी.’ तीन खोल्या कपडे, आणि परकर एकही नव्हता. एक कार्यकर्ता मोटरसायकलवर जयसिंगपूरला गेला आणि उघड्या असलेल्या एका दुकानातून पन्नास परकर घेऊन आला. संध्याकाळपर्यंत ते संपले. गाठोडी तशीच होती.

आता ‘काही नसण्यापेक्षा काहीतरी बरं’ याचा हिशेब करू. नको असलेली वस्तू शून्य किमतीची नसते, तिची किंमत शून्याच्या खाली जाते. ती टेम्पोत जागा घेते. २०१९ साली पुणे-बंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. रस्ता उघडल्यावर जी वाहनं पोचली, त्यांतली प्रत्येक जागा मोलाची होती. तिथं जनावरांसाठी चारा आणि पेंड हवी होती, कारण त्या भागात माणसं म्हैस सोडून घराबाहेर पडायला तयार नव्हती. ताडपत्री हवी होती, पिण्याचं पाणी हवं होतं. त्याऐवजी गाठोडी आली. ती उतरवायला माणसं लागली, ठेवायला कोरडी जागा लागली. पुरातल्या गावात कोरडी खोली ही सगळ्यात दुर्मीळ गोष्ट असते. मग निवडायला माणसं लागली, म्हणजे ज्यांनी घराघरांत जाऊन गाळ काढायला हात लावायचा ते आम्ही लोक चड्ड्या बाजूला काढत बसलो. शेवटी जे उरलं ते ऑगस्टच्या दमट हवेत बुरसलं. शाळा सुरू करायची तर वर्ग रिकामे करणं भाग होतं, आणि पॉलिएस्टर जाळताही येत नाही, पुरताही येत नाही. ज्या ग्रामपंचायतीला स्वतःचा कचरा उचलायला माणूस नव्हता, तिला पुण्या-मुंबईचा कचरा उचलावा लागला.

कुणाला वाटेल, हा एका शाळेतला एक अनुभव. तर २००४ च्या त्सुनामीनंतरचं तमिळनाडू आठवा. नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर मदत म्हणून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले होते. मच्छीमार कुटुंबांनी ते उचलले नाहीत. देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांची छायाचित्रं छापली होती. ‘गूंज’ या दिल्लीच्या संस्थेनं ते कपडे गोळा करून, निवडून मार्गी लावण्याचं काम पुढं कितीतरी काळ केलं. आपत्तीत काम करणारे लोक नको असलेल्या मदतीच्या अशा लोंढ्याला ‘दुसरी आपत्ती’ म्हणतात.

आणि या सगळ्यात मला सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट निराळीच आहे. शिरोळच्या शेजारच्याच हातकणंगले तालुक्यात इचलकरंजी आहे. यंत्रमागांचं गाव, महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात त्याला. तिथली घरंच्या घरं कापडावर जगतात. २०१९ च्या पुरात पंचगंगेचं पाणी त्या गावातही शिरलं होतं. कापड विणणाऱ्या जिल्ह्याला आपण विरलेले सदरे पाठवत होतो. कपड्यांऐवजी पैसे पाठवले असते आणि ते तिथल्या दुकानदाराकडे गेले असते तर दोन घरं सावरली असती, ज्याला कपडा मिळाला त्याचं आणि ज्यानं तो विकला त्याचं. पुरात बुडालेल्या बाजारपेठेतला दुकानदारही पूरग्रस्त असतो, हे आपल्या लक्षातच येत नाही.

पूर आला म्हणजे माणसाची आवड, लाज आणि मापं वाहून जात नाहीत. परवापर्यंत जी बाई स्वतःच्या पैशानं साडी घेत होती, तिला आज दुसऱ्याची अंतर्वस्त्रं कशी चालतील? आपल्याला जे चालणार नाही ते तिला चालेल असं आपण धरून चालतो, तेव्हा आपण तिला मनातल्या मनात एक पायरी खाली उतरवलेलं असतं. दुसऱ्याला अपमान वाटेल असं काही द्यावं अशी कुणाचीच इच्छा नसते, हे मला ठाऊक आहे. पण गाठोडं सोडणाऱ्याच्या हाताला इच्छा लागत नाही, वस्तू लागते.

मग जुने कपडे टाकून द्यायचे का? मुळीच नाही. त्यांची वाट पुरापेक्षा जुनी आहे. दारावर येणारी बोहारीण कपड्यांवर भांडी देते, ते कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून पुन्हा बाजारात जातात. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी ते हातात घेऊन, उलटून पाहून, घासाघीस करून विकत घेणारे लोक दिसतात. निवड त्यांची असते, म्हणून तिथं मान जात नाही. सुती साड्या आणि धोतरं मऊ झाली की त्यांची गोधडी होते, कोल्हापूर-सोलापूरकडं वाकळ म्हणतात. अगदी फाटकं सुती कापड गॅरेजमध्ये हात पुसायला जातं. जाडजूड लोकरीचे कपडे हरयाणातल्या पानिपतला जाऊन त्यांचा पुन्हा धागा होतो.

‘गूंज’ची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. १९९९ साली अंशु गुप्ता यांनी घरातल्या ६७ कपड्यांपासून हे काम सुरू केलं, २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथं कपडे आधी निवडले जातात, दुरुस्त होतात, सुती तुकड्यांच्या पाळीच्या घड्या शिवल्या जातात. आणि गावात ते फुकट वाटले जात नाहीत : गावकरी विहीर उपसतात, रस्ता नीट करतात, बांध घालतात, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. वर्षभर, शांतपणे, निवडून दिलेला कपडा उपयोगी पडतो. पुराच्या आठवड्यात टेम्पोत कोंबलेला पडत नाही.

एवढं सांगून झालं की लगेच दुसरा मुद्दा येतो : ‘पैसे दिले तर खातात हो, वस्तू निदान पोचते तरी.’ शंका रास्त आहे, निष्कर्ष चूक. वस्तू पोचते म्हणजे कुठं पोचते, ते वर सांगितलं. पैशाचा माग मात्र काढता येतो. महाराष्ट्रातला सार्वजनिक न्यास १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असावा लागतो आणि त्याला हिशेब तपासून तिथं सादर करावे लागतात. संस्थेला नोंदणी क्रमांक विचारा, मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल मागा. चांगली संस्था विचारल्याबद्दल रागावत नाही. नोंदणी म्हणजे प्रामाणिकपणाची हमी नव्हे हेही खरं, म्हणून पहिल्यांदा थोडे पैसे द्या, त्यांचं काय झालं ते विचारा, मग पुढचे द्या. आणि रोख देऊ नका.

‘व्यवस्थापनावर एक रुपयाही खर्च न करणारी संस्था सर्वांत चांगली’ असंही म्हणतात. गोदाम, डिझेल, हिशेबनीस आणि प्रशिक्षित कार्यकर्ता यांच्याशिवाय मदत पोचत नाही. शून्य खर्च दाखवणाऱ्याला मी आधी दोन प्रश्न जास्त विचारीन.

कराबद्दलचे गैरसमज थोडक्यात. देणगीवरची ‘८०जी’ची करसवलत म्हणजे सगळी रक्कम माफ असं नाही : बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीच्या निम्म्या रकमेवर वजावट मिळते आणि तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत. मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेल्या रकमेवर पूर्ण मिळते. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तिच्यावर वजावट नाही. कपडे, धान्य, भांडी दिली तर मुळीच नाही. आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर यातलं काहीच लागू होत नाही.

‘घरातली उरलेली औषधं तरी द्यावीत’. नको. जागतिक आरोग्य संघटनेनं औषधांच्या देणग्यांसाठी १९९६ सालापासून मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत : रुग्णाला दिलेली आणि परत आलेली औषधं देऊ नयेत, पोचताना मुदत संपायला निदान वर्ष उरलेलं असावं. बोस्नियाच्या युद्धात निरुपयोगी औषधांचा सुमारे १७,००० टनांचा साठा तिथं जमला, असा अंदाज ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’नं १९९७ मध्ये छापला होता.

अन्नाचं जरा सविस्तर सांगते, कारण लग्नसराईत हा प्रश्न घरोघरी येतो. ‘उरलेलं जेवण वाटणं कायद्यानं बंद आहे’ हे खोटं. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१९ साली उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी स्वतंत्र नियमावलीच केली आहे. उलट बाजूचा गैरसमज जास्त धोकादायक : ‘दुपारचं आहे, एकदा चांगलं उकळलं की झालं.’ शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यात बॅसिलस सिरियस हा जिवाणू वाढतो, हाताळणाऱ्यांच्या हातांवरून स्टॅफिलोकोकस येतो. उकळल्यानं जिवाणू मरतील, पण त्यांनी आधीच सोडलेलं विष टिकून राहतं. शिजलेलं अन्न खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चार वाजेपर्यंत टेबलावर पडलेला मसालेभात संध्याकाळी वस्तीत नेऊन वाटणं म्हणजे उलट्या-जुलाब वाटणं, आणि तेही अशा घरात जिथं एक दिवसाची मजुरी बुडाली तर चूल पेटत नाही. जेवण उरणार याचा अंदाज केटररला पंगत निम्मी झाल्यावरच येतो. संस्थेला फोन त्याच वेळी करा आणि पातेल्यातलं गरम, न वाढलेलं अन्न द्या. ताटातलं, टेबलावरचं नको.

या पावसाळ्यात तुमच्याही ग्रुपवर तो निरोप येईल. त्याखाली तीन प्रश्न लिहा : कोणत्या गावाला जाणार, तिथं कुणाशी बोलणं झालंय, आणि त्यांनी काय मागितलंय? उत्तर येईपर्यंत पिशवी भरायला घेऊ नका.