पड शेतांतील झुडपें व त्यांचीं मुळें

दहा-पंधरा वर्षें पड राहिलेली जमीन पुन्हां वहितीस आणण्याचा प्रसंग हल्लीं अनेक खातेदारांवर येतो. घरांतील कर्ते पुरुष नोकरीनिमित्त शहरांत राहिले, भावाभावांत वांटे झाले, विहिरीचें पाणी आटलें. कारण कोणतेंही असो, सात-बाराच्या उताऱ्यावर ‘पड’ असा शेरा दिसूं लागला कीं शेतांत बोर, पळस, बाभूळ आणि वेडी बाभूळ यांचा अंमल सुरू झाला म्हणून समजावें. मनगटाएवढ्या, फार तर मांडीएवढ्या जाडीच्या अशा झाडांविषयींच येथें लिहावयाचें आहे. मोठ्या वृक्षांचा विषय निराळा.

बहुतेक लोक प्रथम कुऱ्हाड हातीं घेतात. झाड जमिनीसरसें तोडलें, फांद्या बांधाकडे ओढल्या, शेत मोकळें दिसूं लागलें, म्हणजे काम झालें असें त्यांस वाटतें. पुढें पावसाळा लागतांच त्याच बुंध्यांतून एकाच्या जागीं पांच-सात धुमारे फुटतात, आणि जमिनींत दडलेलें खुंट कुळवास व नांगरास अडवून धरतें. दुसऱ्या वर्षीं तेंच खणून काढावयास गडी दुप्पट लागतात. उभें खोड हीच येथें आपली पहार असते. ती आधींच तोडून टाकल्यावर मुळाशीं झोंबावयास हातीं कांहींच राहत नाहीं.

तेव्हां प्रथम शेंडा व फांद्या छाटून छातीएवढें खोड उभें राखावें. बुंध्यापासून हातभर अंतरावर चोहोंबाजूंनीं चर खणावा व आडवीं मुळें उघडीं पडतील तशीं तोडीत जावें. मग दोघां गड्यांनीं खोडाच्या वरच्या टोंकास धरून तें आळीपाळीनें चारही दिशांस रेटावें. ज्या बाजूस तें अडेल तिच्या समोरच्या बाजूस एखादें मूळ अजून ताणून धरीत आहे असें समजून तेथेंच कुदळ घालावी. उगाच सगळीकडे खणीत बसूं नये. शेवटीं सोटमूळ राहतें. तें जितकें खोल तोडतां येईल तितकें बरें, पण निदान वीतभर खालीं तरी तोडलेंच पाहिजे. ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढावयाचें असल्यास साखळीच्या आसपास कोणासही उभें राहूं देऊं नये. ताणलेली साखळी तुटली तर माणसाचा पाय जावयास वेळ लागत नाहीं.

हें काम ठणठणीत कोरड्या जमिनींत करणें म्हणजे गड्यांची मजुरी दगडावर घालणें होय. पड शेतांत यंदाची पेरणी नसतेच, म्हणून पाऊस होऊन वाफसा आल्यावर, इतर शेतांतील कामांतून सवड काढून तें करावें.

झाडाची जात मात्र ओळखली पाहिजे. वेडी बाभूळ १८७७ च्या सुमारास परदेशांतून हिंदुस्थानांत आली. तिचे डोळे जमिनीखालीं मुळाच्या मानेशीं असतात. ती मान निघाली कीं खालचें मूळ सहसा फुटत नाहीं. वीतभर खोलीचा आग्रह तो याचसाठीं. बोर व पळस यांची तऱ्हा याहून चिवट. त्यांच्या आडव्या मुळांतूनही दूरवर फूट येते. म्हणून तीं मुळें बोटाएवढीं बारीक होईपर्यंत ओढून काढावीं, आणि तरीही फूट आलीच तर पालवी पुरी उमलतांच ती काढावी. पालवी फोडण्यांत मुळाची सांठवण खर्ची पडते. ती भरून निघण्यापूर्वींच घाव घातला म्हणजे दोन-तीन खेपांत मूळ थकतें. देशी बाभळीचें जून खोड तोडल्यावर तितक्या जोमानें फुटत नाहीं. तिचा उपद्रव बियांचा. शेरडें शेंगा खाऊन लेंडींतून बीं शेतभर पेरतात, तेव्हां रोपें हातानें उपटण्याजोगीं असतांनाच उपटावीं. बुंध्यांत मीठ भरण्याचा उपाय कोणी सांगतात. त्यानें झाड मरो वा न मरो, भोंवतालची माती खास बिघडते.

जेसीबी यंत्रानें हेंच काम एका दिवसांत होतें हें खरें. परंतु हातभर काळ्या मातीखालीं मुरूम किंवा चुनखडी असलेल्या शेतांत यंत्र खोल घातलें, तर वरची माती खालीं व मुरूम वर होतो. मग झाड गेलें पण शेतही गेलें. अशा जमिनींत यंत्र लावावयाचेंच तर मालकानें स्वतः उभें राहून एकेक बुंधा उपटवावा. सरसकट खरवडण्यास साफ नकार द्यावा.

बांधाविषयीं आम्हांस विशेष सांगावयाचें आहे, कारण नोकरीचीं वर्षें आम्हीं हेच कज्जे कागदावर उतरवून घेण्यांत घालविलीं. एका खातेदारानें शेताबरोबर बांधही साफ करविला. बोरीच्या जाळीबरोबर हद्दीचे दोन दगड उपटून आले. शेजाऱ्याशीं पूर्वीं कधीं वांकडें नव्हतें. पुढें मोजणीचे अर्ज, हरकती आणि तारखा यांत दोन्ही घरें वर्षानुवर्षें गुंतून पडलीं. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणें हद्दीच्या निशाण्या जतन करणें खातेदाराचेंच काम आहे, व त्या नष्ट करणाऱ्यास दंड आहे. म्हणून आधीं दगड शोधून त्यांस चुना लावावा, मगच कुदळ उचलावी. सामाईक बांधावरील झाडास शेजाऱ्याच्या संमतीवांचून हात लावूं नये. आणि बांधाची माती धरून ठेवणारीं मुळें काढूंच नयेत, वरून छाटणी पुरे.

झुडपांत साग, चंदन, खैर, मोह, हिरडा, चिंच, आंबा, जांभूळ यांपैकीं कांहीं आहे काय हेंही पाहावें. जमीन आपली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यान्वयें यांच्या तोडीस आधीं परवानगी लागते.

मुळें निघाल्यावर खड्डे त्याच दिवशीं बुजवावे. खालची माती खालीं, वरची वर, आणि दर थरावर पायानें दाबून. मुळांचे तुकडे आंत राहूं देऊं नयेत, त्यांवर वाळवी जमते. कांटेरी फांद्या कुंपणास, जाड मुळें सरपणास उपयोगीं पडतात. शेतांत ढीग करून पेटवूं नयेत. पहिल्या मोठ्या पावसानंतर शेतांतून एक फेरी मारावी, व जेथें माती खचून पाणी सांचलें असेल तेथें पुन्हां भर घालावी.