खर्जाचा बंदोबस्त

माझ्या भाच्याची फिर्याद मूळची एका दुकानदाराविरुद्ध होती. माझ्याकडे ती अपिलात आली. टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळच्या एका वसाहतीत तो राहतो, आणि त्या मुलखाच्या रिवाजाप्रमाणे त्याच्याकडे एक ट्रक आहे. ट्रक म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे बोरघाटात धापा टाकणारी मालमोटार उभी राहते. तिकडे मात्र पुढे दोन बाकांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेल्या पिकअपलाच ट्रक म्हणण्याची वहिवाट आहे. या गाडीच्या मागच्या बाकाखाली त्याने दहा इंची सबवूफर आणि पाचशे वॅटचा ॲम्प्लिफायर बसवून घेतला होता. पैसा खर्च झाला, नंबरप्लेट थरथरू लागली, शेजाऱ्यांच्या कपाळाला आठ्याही पडल्या. परंतु ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या आत बसलेल्या माणसाच्या पदरी खर्ज म्हणून जे पडे ते केवळ एकसुरी गुरगुरणे होते. दुकानदाराचा निकाल असा की, बारा इंची घ्या आणि हजार वॅट लावा. "मामा, तुम्ही जन्मभर तबला ऐकलात, आता तुम्हीच काय तो निवाडा करा," असे म्हणून भाच्याने गाडीची किल्ली माझ्या हाती दिली.

या विषयाचे दप्तर चाळू लागलो तो पहिलाच दाखला मोठा गमतीचा सापडला. १९२५ साली फोर्ड कंपनीने आपल्या मॉडेल टी गाडीला कारखान्यातच मागे हौदा जोडून ती २८१ डॉलरना विकावयास काढली, आणि त्याच साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अभियंत्यांनी कर्ण्यावाचून बोलणाऱ्या ध्वनिक्षेपकावरचा आपला निबंध जगापुढे ठेवला. चुंबकाच्या फटीत अधांतरी राहणारे तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला कागदी शंकू, या त्यांच्या रचनेपासूनच आजच्या सबवूफरची वंशावळ मोजावी लागते. पिकअप आणि सबवूफरचा हा पूर्वज अशी एकाच सालची ही दोन अपत्ये. १९३० मध्ये शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी मोटोरोला नावाचा मोटारीतला रेडिओ विकावयास आणला आणि सोयरीक जुळण्याची वाट मोकळी झाली.

खर्जाचा स्वर हा मुळात लांबीचा मामला आहे. साधारण हवामानात ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे सेकंदास चाळीस कंपने पावणाऱ्या स्वराची एक लाट साडेआठ मीटरांहून थोडी अधिक लांब भरते, आणि पिकअपची केबिन, अगदी चार दारांची धरली तरी, अडीच मीटरांच्या आसपास. एवढ्याशा कोठडीत ती लाट मावते कशी, असा प्रश्न कोणालाही पडेल. ती मावत नाही, आणि हेच भाच्याचे भाग्य होते. लाट मावेनाशी झाली की केबिनमधली हवा लहरीसारखी न वागता सायकलच्या पंपातल्या हवेसारखी वागू लागते. शंकू पुढे आला की सगळी हवा एकदमच दाबली जाते, मागे गेला की एकदमच सैल पडते. ज्या स्वराची अर्धी लाट केबिनच्या लांबीइतकी भरते तेथून, म्हणजे आपल्या हिशेबात सुमारे ६९ कंपनांपासून, खाली उतरावे तसतसा हा दाब वाढत जातो. केबिन पूर्ण बंद आणि भिंती ताठ असत्या तर दर सप्तकाला १२ डेसिबल. विसर्जनाच्या मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीच्या भिंती का रचाव्या लागतात, याचाही खुलासा येथे होतो: उघड्या रस्त्यावर हवेला कोंडणारे कोणी नसते. पिकअपमध्ये मात्र केबिन हेच डग्ग्याचे भांडे आहे आणि सबवूफर ही त्यावरची नुसती पुडी. दुकानदाराने सारी बुद्धी पुडीवर खर्च केली आणि भांड्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, असे माझे मत बनू लागले.

मग पेटीचा प्रश्न आला. शंकूची पुढची बाजू हवा दाबते तेव्हा मागची बाजू ती सैल करते, आणि या दोन्ही एकत्र आल्या की परस्परांचा जमाखर्च चुकता होऊन हाती शून्य उरते. म्हणून मागची बाजू कोंडावी लागते. कोंडण्याच्या दोन रीती आहेत. बेल प्रयोगशाळेच्या ॲल्बर्ट थुरासने नळीच्या पेटीचे एकस्व १९३२ मध्ये मिळवले. तीत मागची हवा नळीवाटे, योग्य त्या स्वराला, पुढच्या हवेच्या मदतीस धावून येते. एडगर व्हिलचरने हेन्री क्लॉसला जोडीला घेऊन १९५४ मध्ये केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे कंपनी काढली ती नेमक्या उलट मतावर: पेटी लहान आणि घट्ट बंद ठेवावी, आणि आतल्या हवेनेच स्प्रिंगचे काम करावे. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील याने १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल याने १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत या पेट्यांना गणिताची अशी शिस्त लावून दिली की आज कोणत्याही ध्वनिक्षेपकाच्या कागदावर छापलेल्या आकड्यांवरून त्याची पेटी लिटरांत मोजता येते. नळीची पेटी दिवाणखान्यात शोभते; परंतु ती आपल्या एका स्वराशी फार निष्ठावान असते आणि त्याखाली सप्तकाला २४ डेसिबलने कोसळते. भाच्याच्या बाकाखाली अशीच एक नळीची पेटी, तीही हव्या त्या मापाच्या जवळजवळ निम्मी, दडपून बसवली होती. गुरगुरणे एकसुरी का, याचे उत्तर तेथेच मिळाले. बंद पेटी मात्र आपल्या अनुनादाखाली सप्तकाला १२ डेसिबलने उतरते, आणि केबिन तेवढीच वर चढवते. हा हिशेब कागदावर इतका काटेकोर जुळतो की मला क्षणभर संशयच आला.

प्रत्यक्षात तो इतका जुळत नाही, हेही सांगितले पाहिजे. केबिनचा पत्रा लवतो, काचा हलतात, आणि दार लावताना कानांना दडा बसू नये म्हणून मागच्या भिंतीत ज्या रबरी झडपा असतात त्यांतून हवा निसटते. झडपा बुजवण्याचा मोह झाला होता. परंतु केबिनचा श्वास त्यांवर चालतो म्हणून त्यांना हात लावला नाही. मागच्या पत्र्यावर मात्र ॲल्युमिनियमच्या पाठीचे ब्युटिल रबर चिकटवले. पत्र्याचा चौथा हिस्सा झाकला तरी त्याची बडबड पुष्कळ थांबते. नंबरप्लेटमागे फोमचे दोन तुकडे सारले.

नवी पेटी आम्ही गॅरेजमध्ये पाऊण इंची एमडीएफची केली, पाऊण घनफुटाची, म्हणजे सुमारे एकवीस लिटरची. सांधे सरसाने भरले, आणि आत उशीतला पॉलिएस्टरचा कापूस सैल पिंजून टाकला. हवा दाबली की तापते, ती उष्णता हे तंतू शोषून घेतात आणि पेटी आहे त्याहून थोडी मोठी असल्यासारखी वागते. सांध्यांची तपासणी मी देवघरातल्या उदबत्तीने केली. सबवूफरला अगदी खालचा स्वर देऊन कडेकडेने धूर फिरवला, तो एका कोपऱ्यात धुराची रेघ थरथरली; तेथे पुन्हा सरस. पेटी बाकाखाली जाताना शंकूसमोर चार बोटे मोकळी राहतील अशी तजवीज केली.

एवढे करूनही खर्ज लुळाच होता, आणि माझी पंचाची पत धोक्यात आली. तेव्हा डग्ग्याकडेच वळलो. मनगट दाबून काढलेली मींड ऐकताना एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली: स्वर वर सरकत असता मध्येच एके जागी जिना तुटावा तसा तो नाहीसा होई आणि पुढे पुन्हा उगवे. सबवूफरची हद्द ८० कंपनांवर संपवून तेथून वर दारांतल्या ध्वनिक्षेपकांचा अंमल सुरू केलेला होता, आणि डग्ग्याचा मूळ स्वर याच मुलखात वावरतो. हद्दीवर दोघेही बोलतात. पण ज्या विद्युत गाळण्या त्यांची वाटणी करतात त्या प्रत्येकाच्या कंपनाला थोडे मागेपुढे ढकलतात, आणि एक हवा दाबत असता दुसरा ती सैल करू लागला तर दोघांची मेहनत वाया जाते. सबवूफरच्या दोन तारा, धन आणि ऋण, मी उलट्या जोडल्या. काम अर्ध्या मिनिटाचे. मींड सलग झाली, आणि भाच्याने, "मामा, काय केलंत?" असे विचारून व्हॉल्यूम आपण होऊन कमी केला.

वॅटांविषयी थोडक्यात. शक्ती दुप्पट केली की पदरात ३ डेसिबल पडतात. म्हणजे दुकानदाराच्या हजार वॅटांचे मोल तेवढेच होते. पाचशे वॅटांना सुद्धा चालत्या गाडीच्या बॅटरीतून सुमारे पंचेचाळीस अँपिअर ओढावे लागतात, म्हणून तार जाड हवी, तिचा फ्यूज बॅटरीजवळ हवा, आणि जमिनीची तार जेथे जोडायची तेथला रंग पत्रा दिसेपर्यंत खरवडलेला हवा. कानाची गोष्ट याहून विलक्षण आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की हळू आवाजात कान खर्जाला जवळजवळ बहिरा असतो. आजच्या प्रमाण आलेखाप्रमाणे हजार कंपनांचा स्वर ४० डेसिबलला जेवढा ऐकू येतो तेवढे ऐकू येण्यासाठी पन्नास कंपनांच्या स्वराला सुमारे ७८ डेसिबल लागतात. पण त्याच आलेखात खालच्या स्वरांच्या रेषा एकमेकींजवळ आलेल्या असतात, म्हणून तेथे चार-दोन डेसिबलांची भर कानाला मोठी वाटते. तारा उलटून जे मिळाले ते याच भावाने मिळाले.

निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही दोघे अंगणात उभ्या गाडीत काचा लावून तबला ऐकत बसलो होतो. जेवायला बोलावणे आले. भाच्याने दार उघडले आणि भांडे फुटावे तसा डग्गा एकदम पोकळ झाला. त्याने माझ्याकडे पाहिले, काही न बोलता दार पुन्हा ओढून घेतले, आणि त्रितालाचे ते आवर्तन संपेपर्यंत आम्ही बसून राहिलो.